नव्याने विश्वासात आलेल्या भावाला

बायबल उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, वाचायला घेऊ नकोस. बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत येऊन अडकतात आणि वाचनच सुटतं. मार्कने लिहिलेल्या येशूच्या शुभवर्तमानापासून सुरू कर. १६ अध्याय आहेत, रोज अर्धा वाचलास तर महिन्याभरात होईल. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी वाच.

खरी कसोटी मात्र घरात आणि पैशात लागते. लूकच्या शुभवर्तमानात (९:२३) येशूने स्वतःला नाकारून आपला वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगितलंय. मार्कातल्या याच वचनात हा शब्द नाही, मला तो फार मोलाचा वाटतो. भावाशी अबोला असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी समेट, मग अर्पण. फोन लावलास की ‘तुझंही चुकलंच’ हे वाक्य गिळ, तिथेच बोलणं फिसकटतं. कुणाचे पैसे बुडवले असतील तर येशूला भेटलेला जकातदार जक्कय आठव; तो चौपट परत करतो म्हणाला. तुला निदान मूळ रक्कम तरी देता येईल, हप्त्याने का होईना. पहिला हप्ता येत्या रविवारच्या आत पोचव.