जुळे तारे की जोडतारे?

प्रश्न असा : एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांना सरळ 'जुळे तारे' म्हटलं तर काय बिघडलं? त्यासाठीचा 'द्वैती तारे' हा शब्द फारच पुस्तकी वाटतो.

बिघडतं. जुळेपण जन्मावरून ठरतं आणि ताऱ्यांच्या जोडीला जन्माची अटच नाही. बरेचसे तारे गुच्छात जन्मतात. कोवळ्या गुच्छात दाटी एवढी, की एखादा उपरा तारा जोडीच्या फार जवळ येतो आणि हलक्या जोडीदाराला हुसकावून स्वतःच तिथे ठाण मांडतो.

मृगाचंच बघा. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो अंधुक तेजोमेघ दिसतो, त्याच्या दक्षिणेला लागून आयोटा ओरायनिस आहे. डोळ्यांना एकच ठिपका. वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून पाहिला, की दोन तारे सापडतात. २९ दिवसांत एक फेरी, कक्षा चांगलीच लांबुळकी. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी इथल्याच गुच्छातून दोन तारे विरुद्ध दिशांना भिरकावले गेले, सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने. त्यांतला एई ऑरिगी आज सारथी तारकासमूहात आहे, म्यू कोलंबी कपोत तारकासमूहात. दोन जोड्या एकमेकींत घुसल्या, दोघे उधळले, उरलेल्या दोघांची गाठ पडली, असा हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. आयोटाच्या दोन ताऱ्यांची वयंही जुळत नाहीत, हे त्याला पूरकच. यांना जुळे कसं म्हणणार? दुसरेपणाचा संसार म्हणा हवं तर!

उलटी फसगत पुनर्वसूत होते. कॅस्टर आणि पोलक्स ग्रीक कथेतले जुळे भाऊ, पण आकाशात एक ५१ प्रकाशवर्षांवर, दुसरा ३४. एकमेकांशी देणंघेणं नाही. एकटा कॅस्टर मात्र सहा ताऱ्यांचं खटलं आहे. त्यातले दुर्बिणीतून दिसणारे दोन खरोखर एकमेकांना बांधलेले आहेत, हे विल्यम हर्शेलने १८०३ साली दाखवलं.

'जोडतारा' मला आवडतो, पण तो नुसत्या दिसण्यापुरत्या जवळिकीलाही वापरतात. गुरुत्वाकर्षणाची गाठ सांगायची असेल तर 'द्वैती तारा'च लिहा. कोणी माध्वमताशी, म्हणजे मध्वाचार्यांच्या द्वैत तत्त्वज्ञानाशी, घोळ घालणार नाही. 'युग्मतारा'ही चुकीचा नाही, जरा जड एवढंच. क्रियापद मात्र जपून निवडा. शेजारून तारा गेला की सैल जोडी बहुधा 'फुटते', घट्ट जोडी आणखी 'आवळते'. सरसकट 'विस्कळीत होते' लिहिलं की हा फरकच बुडतो.