कर्जाच्या योजना पुष्कळ आहेत, पण सरकार आपला माल घेतं का?

तुम्ही विचारलंय, की ऑस्ट्रेलियात मूलनिवासींच्या धंद्यांना सरकार स्वतःची कामं देतं असं वाचलं. तुम्ही अनुसूचित जमातीचे, कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकताय. आपल्याकडे असं काही आहे, की नुसतं कर्जच?

आहे. पण कर्जाच्या टेबलावर कुणी आपणहून सांगत नाही. मी राजारामपुरीत प्रोजेक्ट रिपोर्ट आणि टेंडरची कागदपत्रं करून देतो, रोज हेच बघतो.

कर्जाचं आधी उरकतो. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. तुमच्या प्रवर्गाला स्वतःचे ५ टक्के घालायचे, अनुदान शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५. म्हणजे १० लाखांच्या प्रकल्पात नुसत्या हद्दीनं एक लाखाचा फरक पडतो, तेव्हा शेडचा ॲडव्हान्स देण्याआधी जागा महापालिकेत येते की ग्रामपंचायतीत ते बघा. अनुदान हातात पडत नाही. ते ३ वर्षं बँकेतच तुमच्या नावे ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं.

आता मूळ मुद्दा. शाहू महाराजांचा १९०२ चा ५० टक्के जागांचा हुकूम आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. पण धंद्याच्या बाबतीत मला गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल जास्त महत्त्वाचं वाटतं. महाराजांनी मदत केली, हॉटेल निघालं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायला लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. नुसते पैसे देऊन सोडलं असतं, तर ते हॉटेल चाललं असतं का?

ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०१५ पासून हेच नियमात बसवलं. ८० हजार ते २ लाख डॉलरपर्यंतच्या केंद्रीय कामांसाठी आधी मूलनिवासींचा लघुउद्योग आहे का ते बघायचं, मग बाकीच्यांना विचारायचं.

आपल्याकडं २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरण आहे. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतली २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून. ऐकायला झकास. पण असा पुरवठादार टेंडरला आलाच नाही, किंवा सर्वांत कमी दराला तयार झाला नाही, तर ते ४ टक्के इतर लघु उद्योगांकडून भरून काढायची मुभा आहे. त्यामुळं साहेब निवांत. तुम्हीच दारात जाऊन उभं राहायला पाहिजे.

त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, करताना सामाजिक प्रवर्गाच्या रकान्यात ‘अनुसूचित जमाती’च निवडा. सायबर कॅफेवाला घाईत ‘सर्वसाधारण’ टाकून मोकळा होतो आणि पुढं ४ टक्क्यांच्या हिशेबात तुमचं नावच येत नाही. मग जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंद करा. लघु उत्पादकाला बयाणा रक्कम, म्हणजे टेंडरबरोबर भरायची अनामत, माफ असते. शिवाय समजा मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर १०० रुपये आला आणि तुमचा ११२. फरक १५ टक्क्यांच्या आत आहे. तुम्ही १०० ला यायला तयार असाल आणि ऑर्डर विभागता येण्यासारखी असेल, तर किमान चौथा हिस्सा लघु उद्योगाला द्यावा लागतो. १०० ला परवडणार नसेल तर मात्र सरळ सोडून द्या. पहिल्या ऑर्डरच्या हौसेपायी तोट्यात माल देणारे मी बघितलेत.

हे केंद्राच्या खरेदीचं झालं: रेल्वे, संरक्षण, तेल कंपन्या वगैरे. आपली महापालिका, जिल्हा परिषद यात येत नाही. बिलाला कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ते मागायला डिलिव्हरी चलनावर माल मिळाल्याची सही, शिक्का आणि तारीख लागते, ती जागेवरच घ्या.

आणि एक. तुमचा दाखला बघून कुणीतरी नक्की म्हणेल, “फर्म तुमच्या नावानं काढू, ५१ टक्के हिस्सा तुमचा, बाकी सगळं मी बघतो.” भागीदारीत ५१ टक्के ही या धोरणाची अटच आहे, म्हणून हा आकडा पुढं येतो. नको म्हणून सांगा. जीएसटीची नोटीस आणि बँकेची वसुली कागदावरच्या मालकाच्या घरी येते.