लोम्बोकच्या गावात 10 आर जागा घेऊ का? माझं मत: आधी भाड्याने राहून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे ठाण्यातला दुसरा फ्लॅट विकायचा, इंडोनेशियात बालीशेजारच्या लोम्बोक बेटावर, दक्षिणेला कुटाजवळच्या गावात (बालीतलं कुटा नव्हे, हे वेगळं) 10 आर, म्हणजे साधारण 10 गुंठे जागा घ्यायची, दोन-तीन खोल्यांचं होमस्टे काढून दोघांनी तिथेच रहायचं, आणि एजंट म्हणतोय की जागा तिथल्याच एका माणसाच्या नावावर करू, बाजूला अ‍ॅग्रीमेंट करून ठेवू, सगळे असंच करतात. मी त्याच पट्ट्यात सहा वर्षं राहतोय. भाड्याने. अजूनही भाड्यानेच, त्यावरून काय ते समजा.

आधी एजंटचं बघू. बरेच जण तसं करतात हे खरं आहे, पण इथला जमिनीचा मूळ कायदा 1960 चा आहे आणि त्यात 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. त्याच कायद्याचं 26 वं कलम सांगतं की परदेशी माणसाला आडून मालकी देणारा व्यवहारच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. त्यामुळे उद्या तो माणूस फिरला आणि तुम्ही ते बाजूचं अ‍ॅग्रीमेंट घेऊन कोर्टात गेलात तर तुमचा गुन्हा तुम्हीच टाइप करून नेलेला असतो. आपल्याकडे सातबारा नसलेले लोक कुणाच्या तरी नावावर शेतजमीन घेऊन ठेवतात ना, तोच प्रकार, फक्त इथे ना आपले चुलते ना आपला आमदार.

मग कायदेशीर काय उरतं. कंपनी काढून बांधकामाचा हक्क घेता येतो (30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 चं नूतनीकरण), पण परदेशी कंपनीला 10 अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणुकीचा प्लान दाखवावा लागतो, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर, तीन खोल्यांसाठी कोण करणार हे. दुसरं 'हाक पाकाय', वापराचा हक्क, तो रेसिडेन्सी परमिटवाल्याला मिळतो पण घराची किमान किंमत सरकारने ठरवलेली आहे आणि ती गावातल्या साध्या घराच्या खूप वर जाते. राहता राहिली लीज, आणि तुमच्या बजेटचे लोक शेवटी तीच घेतात.

लीजचा हिशोब नीट समजून घ्या. आर म्हणजे 100 चौरस मीटर, आपल्या सातबाऱ्यावर असतो तोच आर, जवळपास एक गुंठा. भाव सांगतात तो बऱ्याचदा एका आरचा एका वर्षाचा असतो, ऐकायला स्वस्त वाटतो, मग त्याला 10 आरने गुणा, 25 वर्षांनी गुणा आणि सगळी रक्कम पहिल्या दिवशी द्या. पुढच्या मुदतवाढीच्या ओळीत 'तेव्हाच्या बाजारभावाने' असं लिहिलेलं असेल तर ती मुदतवाढ नाहीच, तुमच्याच घरासाठी पुन्हा बोली लावायची आहे. आणि जागेचे भाव वाढतायत म्हणून तुमची लीज वाढत नाही हो. दहा वर्षांनी विकायला काढलीत तर समोरच्याला 15 च वर्षं मिळणार, तो तेवढेच पैसे देणार, आणि त्यावर बांधलेलं घर शेवटी जागामालकाकडे जातं, वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर.

2021 मधे कुटाजवळ मंडालिकाचं रेसिंग सर्किट झालं, मार्च 2022 मधे तिथे मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची मोठी शर्यत झाली (पावसाने शर्यत लांबली आणि पाऊस थांबवायला एक बाई ट्रॅकवर वाडगं वाजवत फिरली, ते खरंच झालं), तेव्हापासून समुद्र दिसणाऱ्या प्रत्येक टेकडीला डॉलरमधे भाव आलाय. पण शर्यतीचा आठवडा सोडला तर फेब्रुवारीत आमच्या रस्त्यावर टुरिस्टपेक्षा म्हशी जास्त असतात. होमस्टेचा हिशोब जुलै-ऑगस्टवर करू नका. आणि टुरिस्ट व्हिसावर तुम्ही स्वतः पाहुण्यांना पोहे करून वाढलेत तरी ते काम धरलं जाऊ शकतं.

कागद. दाखवतील तो मालकीचं सर्टिफिकेट आहे का 'स्पोराडिक' आहे हे पहिलं विचारा. स्पोराडिक म्हणजे जागा माझ्या ताब्यात आहे असं गावप्रमुखाच्या सहीचं पत्र, आणि 'पिपिल' म्हणजे जुना कराचा कागद, आपल्याकडच्या घरपट्टीच्या पावतीसारखा. दोन्हीने मालकी सिद्ध होत नाही. सर्टिफिकेट असेल तर जमीन कार्यालयात नंबर टाकून तपासून घ्या, एजंटच्या नाही तर तुमच्या नोटरीकडून. किनाऱ्यालगत असेल तर भरतीरेषेपासून किमान 100 मीटर पट्टा राखीव असतो, आपल्या सीआरझेडसारखा, तिथे हॉटेलं दिसली म्हणून तुम्हाला चालेल असं नाही.

आणि भावंडं मोजा! लोम्बोकची खूप माणसं मलेशियात कामाला आहेत, पाम तेलाच्या मळ्यात वगैरे. माझ्या शेजारच्या घराचीच गोष्ट, वडिलांची जागा, पाच भावंडं, चौघांनी सह्या करून एका परदेशी जोडप्याला लीज दिली, पाचवा तीन वर्षांनी परत आला तेव्हा त्याच्या वाटणीत दुसऱ्यांचा स्विमिंग पूल. भांडण झालं नाही. तो रोज संध्याकाळी येऊन पूलच्या कडेला सिगरेट ओढत बसायचा, एक शब्द बोलायचा नाही. दोन महिन्यांत त्या जोडप्याने त्याला वेगळे पैसे दिले. गावप्रमुख, 'कपाला देसा', सगळं बघत होते, म्हणाले दोघांचंही बरोबर आहे.

आता राहण्याचं, ते मात्र मी मनापासून चांगलं सांगेन. आमच्याकडे प्रत्येक घरापुढे 'बेरुगाक' असतो, चार किंवा सहा खांबांचा, वर गवताचं छप्पर, मांडीएवढ्या उंचीवर बसायला फळ्या. सगळं तिथेच होतं, जेवण, झोप, लग्नाची बोलणी, जमिनीचे सौदे पण. जाता-येता कोणीही विचारतं कुठे चाललात, कोकणात विचारतात तस्सं, उत्तराची अपेक्षा नसते. बायकांची 'अरिसान' म्हणजे शुद्ध भिशी, माझी बायको दुसऱ्याच वर्षी तिच्यात घुसली आणि तिथून तिची भाषा माझ्यापेक्षा चांगली झाली. इथले मूळचे ससाक लोक बहुतेक मुस्लिम आहेत, पहाटेची अजान चारही बाजूंनी येते, ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी येऊच नये, नंतर तक्रारी करणारे मी पाहिलेत.

त्रास पाण्याचा. दक्षिण लोम्बोक कोरडं आहे, ऑगस्टपासून विहिरी तळाला जातात, मग टँकर. वीज प्रीपेड, 20 आकडी टोकन मीटरवर दाबायचं, युनिट संपत आले की मीटर टीं टीं करतो आणि अख्ख्या गल्लीला कळतं तुमचा रिचार्ज संपला. गावातलं आरोग्य केंद्र तापाला, टाक्यांना ठीक आहे, हृदयाचं काही असेल तर मातारामला, म्हणजे बेटावरच्या मुख्य शहरात, जायला एक तासाहून जास्त, किंवा सरळ बाली. पन्नाशीनंतर याचा विचार करा. भूकंपाचा पण. 2018 ला उत्तरेकडे 500 च्या वर माणसं गेली, आमच्याकडे तेवढं झालं नाही तरी घर बघताना कॉलम आहेत का नुसत्या विटा रचल्यात ते बघतोच मी.

खाण्याला तोटा नाही, नारळ, चिंच, मासे, नाळीची भाजी इथे तिखट चटणी घालून रोज खातात, पण चटणीत सुक्या कोलंबीची पेस्ट असते, शाकाहारी असाल तर प्रत्येक ठिकाणी विचारा. तूरडाळ विसरा.

पैसे पाठवायची आपल्याकडची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे आणि परदेशातली प्रॉपर्टी रिटर्नमधे दाखवावी लागते, फ्लॅट विकण्याआधी सीएशी बसा.

फ्लॅट आत्ता विकू नका, भाड्याने द्या. त्या भाड्यात इथे दोन खोल्या आणि बेरुगाक आरामात मिळेल. ऑगस्टमधे या, कोरड्यात, आणि पुढचा पाऊस काढूनच जा. घर मी बघून ठेवतो. येताना कुकरच्या दोन-तीन रिंगा जास्तीच्या आणा, आमची गेल्या महिन्यात गेली आणि तेव्हापासून वरण पातेल्यात चाललंय.