शिवकालीन जहाजाचं लाकडी स्केल मॉडेल घरी बनवायचं आहे. किट कुठलं घ्यावं, लाकूड कोणतं आणि किती महिने लागतील?

शिवकालीन जहाजाचं किट मिळत नाही. मिळतं असं कोणी सांगितलं तर समजा की तो तुम्हाला गंडवतोय.

शोभेच्या वस्तूंच्या दुकानात 'मराठा जहाज' म्हणून जे ठेवलेलं असतं ते नीट बघा. तीन उंच डोलकाठ्या, आडव्या परबाणांवर चौकोनी शिडं, मागे दुमजली माडी आणि तिला नक्षीच्या खिडक्या. हे स्पॅनिश नाहीतर इंग्रज जहाज. वर भगवा लावला की झालं मराठा आरमार! माझ्या डोळ्यांदेखत एका प्रदर्शनात असल्या जहाजाला पहिला नंबर दिला होता. माझं गुराब, म्हणजे मराठा आरमारातल्या लढाऊ जहाजाचं मॉडेल, शेजारीच होतं. परीक्षकांनी विचारलं, "हे पुढं नाकासारखं काय आलंय?" मी म्हटलं, तीच तर गुराबाची ओळख. ते हसून पुढच्या टेबलाकडे गेले.

ते नाक माझ्या मनचं नाही. आंग्र्यांची जहाजं कशी होती हे ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं अठराव्या शतकात लिहून ठेवलंय. गुराबाला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांचं दीडशे टनांपर्यंत, तीनचं तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानानं रुंदी भरपूर, पाण्यात बुडणारा भाग कमी. पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब नाळ बाहेर आलेली, तिच्यावर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचा डेक, पण बाजूला कठडा नाही. समोरून लाट आली की नाळ पाण्यात घुसणार आणि वर आलेलं पाणी अडकून न राहता वाहून जाणार, म्हणून ती उघडी ठेवलेली. नाळेच्या मागच्या आडव्या भिंतीत दोन भोकं आणि त्यातून पुढे रोखलेल्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. गलबत म्हणजे याचंच धाकटं भावंड: सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, हलकं राहावं म्हणून वरची तक्तपोशी चिरलेल्या बांबूची.

एवढं वर्णन आहे, पण नकाशा नाही. सभासदाच्या बखरीत गुराब, तरांडे, गलबत, शिबाड अशी नावं सापडतात, मापं नाहीत. आणि बघून मापं घ्यावीत असं एकही जहाज उरलेलं नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. हल्ला इंग्रजांचा, आणि त्यांच्याशी हातमिळवणी पेशव्यांची. त्यावर बोलायला लागलो तर तुमचा प्रश्न बाजूलाच राहील.

आता माझं सांगतो. मी चौतीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर होतो. बीडाचा पार्ट ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो, तो मी करायचो. पंपाच्या बॉड्या, पुल्या, गिअरबॉक्स. अर्ध्या मिलिमीटरला मालक आरडाओरडा करायचा, त्यामुळे लाकूड आणि माप या दोन गोष्टींत मला कोणी शिकवावं अशी वेळ आली नव्हती.

माझे साडू पुण्यात असतात. त्यांनी परदेशातून 'व्हिक्टरी'चं किट मागवून पूर्ण केलं. इंग्रज आरमारातल्या नेल्सनचं ते १०४ तोफांचं जहाज. काम चांगलं केलंय, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्या वास्तुशांतीला पंचवीस माणसांत मी म्हणालो की मी गुराब करणार आहे, आणि ते म्हणाले, "कोल्हापूरला समुद्र आहे का? रंकाळ्यात सोडणार काय?" सगळे हसले. आमची हीसुद्धा हसली.

घरी येऊन कामाला लागलो. पहिला प्रश्न लांबीचा. त्या काळी इंग्रज जहाजाचं टनेज लांबी-रुंदीवरून सूत्रानं काढायचे. ते सूत्र उलटं फिरवलं. दीडशे टन धरले आणि रुंदी एकवीस फूट घेतली तर नाळ सोडून लांबी साधारण ऐंशी फूट येते. स्केल १:४८ घेतलं, म्हणजे पाव इंचाला एक फूट. ऐंशी फुटांचा कणा वीस इंच, ५०८ मिलिमीटर. टेबलावर मावतो आणि तोफाही हाताला लागतात. तुम्हीही हेच स्केल घ्या.

मग फोंडा घाटातून मालवणला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या होडीच्या सुताराला माझं ड्रॉइंग दाखवलं. तो आधी म्हणाला, "हेका फासळी नाय म्हणत, वाक म्हणतत." मग नाळेवर अंगठा ठेवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हेच्यार पाणी येतला." ऑर्मचं नावही त्यानं ऐकलेलं नव्हतं. नुसता आकार बघून, अडीचशे वर्षांपूर्वी एका इंग्रजानं लिहिलेलं तो बोलला. मी तिथंच त्याला चहा सांगितला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती. बीड थंड होताना शंभराला एक आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून आमच्याकडे वेगळी पट्टी असते, कॉन्ट्रॅक्शन स्केल. तिच्यावरचा एक सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा एक टक्का मोठा. दिसायला अगदी साध्या पोलादी पट्टीसारखी, कोपऱ्यात बारीक अक्षरात तेवढं लिहिलेलं. कण्यावर चोवीस वाकांच्या खाचा मी या पट्टीनं आखल्या. चौतीस वर्षांची सवय, हात आपोआप तिच्याकडे गेला. पण वाकांच्या वर बसणारी तक्तपोशीची फळी नातवाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं आखली, कारण त्या दिवशी माझी पट्टी पसाऱ्यात सापडेना.

सगळं बिनगोंदाचं जोडून बघितलं. पुढचे चार-पाच वाक ताठ उभे. दहाव्याला थोडा कल. मी म्हटलं, खाचेत भुसा असेल. खाच पटाशीनं साफ केली, तरी कल तसाच. पंधराव्याला खालची खाच आणि वरची खाच यांत तीन मिलिमीटरचा फरक, आणि शेवटचा वाक दारू प्यालेल्या माणसासारखा मागे रेललेला, पुरे पाच मिलिमीटर. मी कण्याचं लाकूड बदललं, वाक उलटे लावून बघितले, वखारवाल्याला शिव्या दिल्या की ओलं लाकूड दिलंस. चार दिवस गेले. नेमके तेव्हाच साडू अंबाबाईच्या दर्शनाला आलेले. त्यांनी टेबलावरच्या दोन पट्ट्या उचलल्या, शेजारी शेजारी धरल्या, आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवल्या.

बोलले असते तर परवडलं असतं.

रात्रभर झोप नाही. सकाळी सहाला डोक्यात आलं: ऐंशी फूट हा आकडा तरी कुणाचा? माझाच! मग कणा कशाला फेकायचा? तक्तपोशीची फळी कॉन्ट्रॅक्शन स्केलनं नवीन आखली आणि सगळे वाक ताठ उभे राहिले. माझं गुराब ऐंशी फूट साडेनऊ इंचांचं आहे. कुणी चूक सिद्ध करून दाखवावं. व्हिक्टरीत ही सोय नाही, तिच्या प्रत्येक खिळ्याचं माप पोर्ट्समथला जाऊन खऱ्या जहाजावर पडताळता येतं.

लाकडाचं विचारलंय. खरी जहाजं सागवानी होती म्हणून मॉडेलही सागवानी करायला जाल तर फसाल. सागाची रंध्रं मोठी. १:४८ ला ती फळीवरच्या चिरांसारखी दिसतात. टिंबर मार्केटात हेदू मागा, काही वखारवाले हळदू म्हणतात. पिवळसर, बारीक पोताचा, पटाशीला लोण्यासारखा. परदेशी लोक बॉक्सवूड वापरतात त्याच्या जवळ जाणारा. कण्याला आणि वाकांना शिवणाचं लाकूड चालतं. बाहेरच्या फळ्या एक मिलिमीटर जाड आणि पाच रुंद काढा, म्हणजे खऱ्या दहा इंची फळीच्या जवळ बसतं. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि सोल्डरिंगच्या तापल्या लोखंडावर हळू वळवा. टोकाकडे प्रत्येक फळी निमुळती करावी लागते. तेवढ्यासाठी पाचर मारू नका, वाईट दिसतं.

आणि पावसाळ्यात फळ्या चिकटवू नका. जुलैत आपल्याकडे लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलेलं असतं. तसंच चिकटवलं की मार्चमध्ये आकसतं आणि फळीफळीत फट पडते. माझी डावी बाजू जाऊन बघा. उजवी दिवाळीनंतर केली, तिच्यात नख जात नाही. पावसात तोफा करा, दोर वळा.

लाकडी खिळ्यांना टूथपिक वापरू नका. हुपरीच्या चांदीवाल्या कारागिरांकडे तार ओढायची पोलादी पट्टी असते, मोठ्या भोकापासून बारीक भोकापर्यंत. बांबूची काडी तासून तिच्यातून एकेका भोकानं ओढत न्यायची. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाते. एका संध्याकाळी दोनशे खिळे होतात आणि बोटं सोलतात. दोरासाठी कोल्हापूरच्या गुजरीजवळचा पटवेकरी गाठा. साज ओवणारा माणूस, दोऱ्याला पीळ कसा द्यायचा हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी सुती दोरा दिला, त्यानं तीन जाडींत वळून दिला. वरून मेण लावलं की लव बसते. शिडाला मांजरपाट जाड पडतो, जुनी मलमल चहात बुडवून घ्या आणि दर अर्ध्या इंचाला पेन्सिलीनं शिवण दाखवा.

साडूंना मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, ते इथं देतो. १७३१ च्या वारणेच्या तहानंतर सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता आणि मालवणात कोल्हापूरचं स्वतःचं आरमार होतं. इंग्रज त्यांना मालवणचे चाचे म्हणायचे, म्हणजे त्रास होत असणार! तुमची व्हिक्टरी ज्या १७६५ साली पाण्यात उतरली त्याच साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन आमच्या जिजाबाई राणीसाहेबांना परत केला. शेवटी १८१२ च्या तहात मालवण गेलं. त्यामुळे कोल्हापूरला समुद्र आहे का हे विचारण्याआधी, होता का ते विचारायचं.

आता काही गोष्टी कबूल करतो. एक, ऑर्मनं लिहिलं ते आंग्र्यांच्या काळातलं. माझं गुराब शिवकालीन नाही, आणि तुमचंही होणार नाही. खाली पाटी लावाल तर 'आंग्रेकालीन, अंदाजे' अशी लावा. दोन, फळ्या निमुळत्या कशा करायच्या हे मी साडूंच्या व्हिक्टरीच्या किटमधल्या पुस्तिकेतून शिकलो. झेरॉक्स त्यांनीच काढून दिली होती. तीन, तुम्ही आयुष्यात कधी रंधा धरला नसेल तर वर मी काहीही म्हटलं असलं तरी पहिलं एक छोटं किट घ्या, एका काठीची होडी. मोठं करायचं आणि आपल्याकडचं करायचं असेल तर 'ट्रिंकोमाली' बघा. वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेली, १८१७ सालची, इंग्लंडात हार्टलपूलला अजून उभी आहे. तिचं जे कराल ते पडताळता तरी येईल.

वेळ: मला रोजचे दोन तास धरून अडीच वर्षं लागली. हत्यारं सोडून खर्च सहा-सात हजार. वल्ही अजून व्हायची आहेत. गुराबाला नव्हे, शेजारी एक गलबत घेतलंय, त्याची चव्वेचाळीस. साडू म्हणालेत, बावीस मी करून पाठवतो, माप सांगा. मी सांगितलंय, पट्टीसकट पाठवतो.

पटवेकऱ्याकडे दुपारी एक ते चार जाऊ नका, बंद असतं.