रोझिनसाठी तापमान किती ठेवावं?

प्रश्न : टोरांटोतल्या परवानाधारक दुकानातून गांजाचं रोझिन (उष्णता आणि दाब देऊन काढलेला चिकट अर्क) घेतलं. इलेक्ट्रिक रिगवर (अर्क तापवून त्याची वाफ ओढायच्या यंत्रावर) 315 अंश सेल्सिअसला चव करपट लागते, घसा जळतो. तापमान किती हवं?

उत्तर : 315 फारच झालं. 200 अंशांपासून सुरुवात करा. वाफ विरळ वाटली तर दहा-दहा अंशांनी वाढवा, पण 230 च्या पुढे जाऊ नका. रोझिनचा सुवास टर्पीन या वनस्पतीतल्या सुगंधी द्रव्यांमुळे असतो. ती जास्त तापली की त्यांचं विघटन होऊन बेन्झीन, मेथॅक्रोलीन अशी घातक रसायनं तयार होतात.

काही यंत्रांत पडद्यावरचा आकडा हीटरचा असतो, रोझिन ठेवायच्या कपाच्या तळाचा नव्हे. म्हणून झुरक्यानंतर तळ बघा. फिकट सोनेरी अंश उरला तर तापमान बरोबर, काळी पापडी धरली तर जास्त, पातळ तेल साचून राहिलं तर कमी. मात्र भाताच्या शितापेक्षा मोठा गोळा टाकलात तर योग्य तापमानालाही तेल साचतं.

कप कोमट असतानाच कापसाच्या काडीने पुसा. डाग राहिले तर पूर्ण गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि ते उडून गेल्याशिवाय यंत्र चालू करू नका, भडका उडेल. जुनी पापडी पुढच्या वेळी पुन्हा जळते, करपट चव बहुधा तिचीच.

भारतात येताना हे सोबत आणू नका. कॅनडाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे, इथे 1985 चा एनडीपीएस (अमली पदार्थांविषयीचा) कायदा लागतो.