थांबताना बंद पडणारी ऑटोमॅटिक गाडी

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी सकाळी व्यवस्थित चालते, परंतु मोठ्या रस्त्यावर अर्धा तास चालवून सिग्नलपाशी ब्रेक लावला, की दोन-तीन गचके देऊन बंद पडते. किल्ली फिरवताच पुन्हा सुरूही होते. प्लग आणि इंधनाचा फिल्टर बदलूनही फरक पडला नाही. आता गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे मॅकेनिक म्हणतात. उतरवू द्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. गाडी तापल्यावरच आणि थांबतानाच बंद पडते, या तुमच्या दोन निरीक्षणांतच निदानाचा बराचसा भाग आला आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांची सांगड तेलाच्या प्रवाहाने घातलेली असते, म्हणून चाके थांबली तरी इंजिन फिरत राहू शकते. तेलाच्या या जोडणीत थोडी शक्ती वाया जाते. ती वाचवण्यासाठी एकसारख्या वेगात असताना लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि वेग उतरला किंवा ब्रेक दाबला की सोडतो. तो सुटला नाही, तर थांबणारी चाके इंजिनालाही थांबवतात. साध्या गाडीत क्लच न दाबता ब्रेक लावल्यावर होते तेच. तेल पुरेसे तापेपर्यंत संगणक लॉक-अप बहुधा लावतच नाही, त्यामुळे सकाळी तक्रार जाणवत नाही.

तरीही संशय पक्का करण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर, गाडी तापलेली असताना, थांबण्यापूर्वी लिव्हर न्यूट्रलमध्ये घेऊन पाहावे. (इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून मागेपुढे वाहन नको.) न्यूट्रलमध्येही इंजिन बंद पडले, तर आयडलिंगचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ फिरण्याचा) दोष, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागात) साचलेला कार्बन किंवा हवेची गळती शोधावी. न्यूट्रलमध्ये ते तग धरत असेल आणि ‘डी’मध्ये हमखास बंद पडत असेल, तर रोख लॉक-अपकडे वळतो, मात्र आयडलिंग मुळातच कमी असेल तर ‘डी’चा भार त्यालाही पेलत नाही, म्हणून आरपीएमच्या (इंजिनाच्या फेऱ्यांच्या) काट्यावर नजर ठेवावी.

यानंतर गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. पी०७४२ हा कोड लॉक-अप अडकल्याचा, तर पी०७४० हा त्याच्या विद्युत मंडलातील दोषाचा असतो. पण लॉक-अपच्या तेलाचा व्हॉल्व्ह नुसता चिकटला असेल तर कोड येईलच असे नाही. अशा वेळी मॅकेनिकने लॉक-अप सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) जोडणी काढून गाडी चालवून पाहावी. बंद पडणे थांबले, तर ब्रेकचा स्विच, वायरिंग आणि संगणकाकडून येणारा आदेश तपासावा. बंद पडणे तसेच चालू राहिले, तर सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडीतील (गिअरबॉक्सच्या तेलाच्या झडपा असलेल्या भागातील) झडप अडकलेली असण्याची शक्यता मोठी. तेलाची पातळी पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच पाहावी, कारण बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत बंद करून. तेल काळपट होऊन त्याला जळका वास येत असेल, तर क्लचचे अस्तर झिजत असावे.

कन्व्हर्टरमधील क्लचच कायमचा चिकटला असता, तर थंड गाडीही ‘डी’त टाकताक्षणी बंद पडली असती. तुमच्याकडे तसे होत नाही. सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी बऱ्याच गाड्यांत खालचा तेलाचा पॅन काढून हाताशी येतात, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. हे मॅकेनिकला आधी विचारावे.

प्रश्न : माझ्या एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाडीतही हाच दोष असेल का?

उत्तर : एएमटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तिथे नेहमीचाच क्लच असतो, फक्त पायाऐवजी ॲक्चुएटर तो दाबतो. थांबताना ॲक्चुएटरने क्लच वेळेवर सोडवला नाही तर लक्षण अगदी असेच दिसते. म्हणून क्लचची झीज, ॲक्चुएटर आणि नुकताच क्लच बदलला असल्यास त्यानंतर स्कॅनरने करायची जुळणी झाली आहे का, एवढे पाहावे.