पाळीच्या आधी आठ-दहा दिवस दोन्ही स्तन दुखतात. कॅन्सर असेल का? काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय ३४ आहे, दुखणं दोन्ही बाजूंना आहे, काखेकडे जास्त आहे आणि पाळी सुरू झाली की दोन दिवसांत उतरतं. हे वर्णन हार्मोन्सच्या चक्राशी बांधलेल्या दुखण्याचं आहे. बीजांड सुटल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनमुळे दुधाच्या ग्रंथी नि नलिका फुगतात, आत पाणी धरतं. ग्रंथी वरच्या बाहेरच्या भागात सर्वांत जास्त, म्हणून ठणकाही तिथेच. गाठ नसताना नुसतं दुखणं हे कॅन्सरचं लक्षण क्वचितच असतं, त्यामुळे ही भीती तुम्ही खरंच बाजूला ठेवा.

पण आधी खात्री करा. कालनिर्णयावर पाळीची तारीख बहुतेक घरांत लिहिलेली असतेच. त्याच चौकोनात रोज दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्या. दोन-तीन पाळ्यांची नोंद झाली की आकडे पाळीआधी चढतात आणि नंतर पडतात का, ते दिसेल. चढ-उतार नसेल, एकाच बाजूला एकाच जागी दुखत असेल, तर कारण वेगळं शोधावं लागतं. पुष्कळदा ते स्तनात नसतंच, बरगडीत असतं. कुशीवर झोपा, स्तन एका बाजूला कलला की त्याखालची बरगडी आणि छातीच्या मधल्या हाडाजवळचा सांधा बोटाने दाबून पाहा. नेमकी तीच कळ आली तर दुखणं छातीच्या भिंतीचं आहे. जड बादल्या, सिलिंडर उचलणं काही दिवस थांबवा. छातीत दाब येऊन घाम सुटला, दम लागला, तर हे काही करत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

आता उपाय. माझ्या मते पहिला खर्च ब्रावर करावा, गोळ्यांवर नाही. वजन खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही, छातीभोवतीच्या पट्ट्याने पेलायचं असतं. आरशात पाठ पाहा: मागचा पट्टा वर सरकलेला असेल तर तो सैल आहे, आणि मग खांद्यावर वळ उठणारच. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. नवीन ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे सैल पडतं. तार असेल तर ती बरगडीवर टेकावी. स्तनावर रुतली की दुखणं वाढतं. माप त्या फुगलेल्या आठवड्यातही घ्या. कप अपुरा पडत असेल तर त्या दिवसांसाठी एक मोठ्या कपाची ब्रा वेगळी ठेवा. खड्ड्यांतून स्कूटर चालवताना, पळताना स्पोर्ट्स ब्रा. रात्री मऊ, बिनतारेची.

तरीही ठणका राहिला तर डायक्लोफिनॅक जेल दुखऱ्या भागावर हलक्या हाताने दिवसातून तीनदा लावा, निपल सोडून. दुकानदार बहुधा मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट घातलेलं जेल देतो. त्याने इथली त्वचा भाजल्यासारखी होते. नुसतं डायक्लोफिनॅकचं मागा. दिवस राहिले असतील, अंगावर पाजत असाल, किंवा अशा वेदनाशामकांनी दमा उठत असेल तर ते वापरू नका. पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी करा, कारण सुरुवातीच्या दिवसांतही स्तन असेच हुळहुळे होतात. जास्त त्रासाच्या दिवशी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी चालते.

प्रिमरोज तेलाच्या महागड्या कॅप्सूल अजूनही लिहून दिल्या जातात. चाचण्यांत त्या औषध नसलेल्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. ब्रिटनमध्ये २००२ साली त्यांचा औषध म्हणून परवानाही काढून घेतला. चहा-कॉफी सोडण्याचा पुरावाही तोकडा आहे; महिनाभर सोडून आकड्यांत फरक दिसला तरच पुढे चालू ठेवा.

सध्या कोणती औषधं चालू आहेत तेही तपासा. गर्भनिरोधक गोळ्या, पित्तासाठी सर्रास मिळणारी डॉम्पेरिडोनची गोळी, काही नैराश्यविरोधी औषधं यांनीही स्तन दुखतात. डॉक्टरांना न विचारता ती बंद मात्र करू नका.

पाळी संपल्यावरही राहणारी गाठ, निपलमधून रक्ताळ स्राव, आत ओढलं गेलेलं निपल, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, काखेत गाठ, किंवा ताप येऊन लाल झालेला स्तन: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. स्वतः चाचपून पाहायचं ते पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत. आधीच्या आठवड्यात सगळंच गाठाळ लागतं आणि उगाच धास्ती बसते.

सहा महिने हे सगळं करूनही कामं अडत असतील तर आपल्याकडे डॉक्टर ऑर्मेलॉक्सिफीन देतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं हे औषध ‘सहेली’ या नावाने गर्भनिरोधक म्हणून ओळखीचं आहे, म्हणजे मूल हवं असेल तर ते तुमच्या कामाचं नाही. त्याने पाळी लांबू शकते, बीजकोषात पाण्याच्या गाठीही होऊ शकतात. स्वतःहून आणून घेऊ नका. जाताना कालनिर्णयाची ती पानं सोबत न्या.